पाटावरचा लॅपटॉप

लहानपणी आमच्या घरातली एखादी वस्तू भंगारात गेलेली मला आठवत नाही. भंगारात टाकायलाही आधी घरात वस्तू असाव्या लागतात. पनवेलच्या बाजारामागच्या चाळीत आमची एक खोली होती आणि त्या खोलीत जे काही होतं ते दुसऱ्या कुणीतरी वापरून झाल्यावर आलेलं होतं. मिक्सर मावशीचा. त्याचं झाकण तळहातानं दाबून धरलं तरच तो फिरायचा, आणि वाटण होईपर्यंत आईचा हात खांद्यापर्यंत थरथरत राहायचा. टेबलफॅन वडिलांच्या मुकादमानं दिलेला. त्याला सुरू होताना बोटानं पहिला धक्का द्यावा लागे. नवीन घेऊ या असं मी कधी म्हटलं की वडील एवढंच विचारत, "चालतंय ना?" चालत असायचंच. विषय तिथं संपायचा.

वडील तळोज्याला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होते. ठेकेदार बदलला की कंपनीच्या लेखी वडील नवे. गेट तेच, ड्रम तेच, वास तोच, फक्त गळ्यातला पास दुसरा. मधल्या काळात, जुना ठेका संपून नवा लागेपर्यंत, ते घरी बसायचे आणि आई गव्हाणकडे माहेरी जाऊन तांदूळ आणि सुकट घेऊन यायची. ते मागायला जाणं तिला आवडत नसे. जाताना ती चांगलं पातळ नेसायची, म्हणजे सहज भेटायला आल्यासारखं दिसावं.

वडिलांच्या कपड्यांना एक आंबट वास असे. आई ते वेगळ्या बादलीत धुवायची आणि गॅलरीच्या अगदी टोकाला वाळत घालायची, तरी शेजारीण नाकाला पदर लावून जायची. मला शाळेत कुणी विचारलं की सांगायचे, वडील कंपनीत आहेत. कंपनीत काय आहेत हे विचारणाऱ्याला मी आवडत नव्हते आणि मला तो.

मी आमच्या दोन्हीकडच्या नात्यांत पहिली ग्रॅज्युएट. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं मी मिरवतेय. मिरवतेच. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या तोंडून "नाय" आणि "आमी" निघालं की मागच्या बाकावर हसू फुटायचं. मी "नाही" आणि "आम्ही" शिकले, फार वेळ लागला नाही. घरी मात्र अजून नायच म्हणते. घरी दुसरं काही म्हटलं तर आईला वाटेल मी रागावलेय.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होतं. एस.टी. स्टँडसमोरच्या सायबरमध्ये मी तासावर बसून टाइप करत असे आणि वेळ संपत आला की शब्द सुचायचे बंद व्हायचे. वडिलांना हे मी सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असावं. एका सुट्टीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, चल. दुकानात त्यांनी मला काही बोलू दिलं नाही. तिथल्या माणसानं प्रोसेसर, रॅम, असं बरंच सांगितलं, वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पंख्याबद्दल विचारावं तसं विचारलं, "किती वर्षं चालंल?" तो म्हणाला, काका, तुमची मुलगी नोकरीला लागेपर्यंत तर नक्की चालेल. वडिलांना ते उत्तर पसंत पडलं. रिक्षात त्यांनी खोका मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी धरून, आणि खड्डा आला की उचलून धरायचे.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आईनं तो पाटावर ठेवला.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. शेती होती तेव्हा कोयता, विळा, टोपलं. शेती गेली, आजोबा गेले, आणि पाटावर वडिलांचा पाना आला. कंपनीतले पाने जागेवर राहत नाहीत म्हणून वडिलांनी स्वतःचा घेतलेला होता, वॉल्व्ह उघडबंद करायचा, हातभर लांबीचा, आणि रोज पिशवीतून नेत-आणत. दसऱ्याला आई तो राखेनं घासून, पुसून, तेलाचं बोट लावून पाटावर मांडायची. त्याच्या शेजारी आता लॅपटॉप. मी बंद करून ठेवला होता; आईनं उघडला. देवाचं तोंड मिटलेलं ठेवतात होय, असं तिचं म्हणणं. मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि वरून मूठभर अक्षता, थेट बटणांवर. मी ओरडेपर्यंत अर्ध्या आत गेल्या होत्या. उलटा करून झटकला तेव्हा थोड्या पडल्या. बाकीच्या आत राहिल्या. पुढची कितीतरी वर्षं स्पेस दाबताना खाली बारीक करकर व्हायची, जेवताना खडा लागावा तशी.

याच लॅपटॉपवर प्रोजेक्ट झालं, निकाल पाहिला, अर्ज केले. बंदरातून येणाऱ्या कंटेनरची कागदपत्रं तपासणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये मला काम मिळालं. मालाचं वर्णन, वजन, कोड, सगळं एकमेकांशी जुळतं की नाही ते बघायचं. एक आकडा चुकला की कंटेनर धक्क्यावर उभा आणि फोन माझ्यावर. नंतर हे काम घरूनच करायला सांगितलं. मशीन ज्याचं त्याचं. चाळ सोडून आम्ही नवीन पनवेलला दोन खोल्यांत भाड्यानं आलो, दुसरा मजला, लिफ्ट नाही. मिक्सर मात्र मावशीचाच आणला.

आता लॅपटॉपचं सांगते. आधी बॅटरी गेली. वायर लावलेली असेल तोवरच चालू. वीज गेली की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. मग बिजागरी तुटली. झाकण मागं पडायचं, म्हणून मी पाठीमागे तांदळाचा डबा ठेवून स्क्रीन त्याला टेकवत असे. आईला भात घालायचा असला की मला काम थांबवावं लागे. पंखा असा घोंघावायचा की फोनवर समोरचे विचारायचे, मॅडम, गिरणीत आहात का. वडील सकाळी रात्रपाळी करून यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "झाली का तुझी कंपनी चालू?" हा त्यांचा रोजचा विनोद होता. एक मोठी शीट उघडायला घेतली की मी तेवढ्यात भाजी निवडून घेई. मनगट दुखायला लागलं होतं, कारण काही अक्षरं जोर लावूनच उमटायची. डोळ्यांचं तर विचारूच नका. पण चालत होता. चालतंय ना?

आणि वडील. त्यांचा श्वास कधी बिघडला ते नेमकं सांगता येत नाही. आधी पावसाळ्यात खोकला असायचा, मग हिवाळ्यातही राहिला, मग कायमचाच झाला. जिना चढताना पहिल्या मजल्यावर ते थांबायचे आणि तिथल्या शेजाऱ्यांच्या दारावरचं तोरण बघत असल्यासारखं करायचे. वर येऊन बूट काढेपर्यंत बोलत नसत. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं की ती हवा सोडा. वडील हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत पाना घालून गेले.

मी त्यांना काम सोडा म्हणून सांगत होते, सांगून सांगून थकले होते. माझ्या पगारात आपण तिघं राहू शकतो, मी थोडं बाजूला टाकतेय, तुम्ही घरी बसा. ते म्हणायचे, बघू. एकदा मी फारच मागे लागले तेव्हा त्यांनी डब्याला टेकलेल्या माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं.

"त्या पेटीच्या जिवावर घरी बसू? ती आज हाय, उद्या नाय. तवर माझा पाना हाय."

झालं. तिथंच आम्ही अडलो होतो. मी लॅपटॉप बदलत नव्हते, कारण ते पैसे वडिलांच्या घरी बसण्यासाठी होते. वडील घरी बसत नव्हते, कारण माझा लॅपटॉप कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, आणि दोघांचंही मशीन घोंघावत होतं.

नवरात्रात एके दिवशी स्क्रीन काळी झाली आणि दुपारपर्यंत उजळलीच नाही. स्टँडजवळ एका गाळ्यात एकजण दुरुस्ती करतात. मूळचे कोकणातले, भाऊ आखातात, दुकानात त्यानं पाठवलेलं मोठं घड्याळ आहे. मला ते ताई म्हणतात, मी त्यांना भाई. त्यांनी मागचे स्क्रू काढले, कीबोर्ड उचलला आणि हसायलाच लागले.

"ताई, हे काय, आत गोदाम केलंय तुम्ही?"

अक्षता. काही पांढऱ्या, काही हळदीनं पिवळ्या पडलेल्या, एकदोन अजून लाल. दरवर्षी मी झाकण बंद करून ठेवायचे आणि दरवर्षी माझं लक्ष नसताना आई उघडायची, हे मला तेव्हा कळलं. भाईंनी त्या ब्रशनं गोळा केल्या आणि टाकून न देता कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिल्या. पूजेच्या आहेत ना, म्हणाले, माझ्या केराच्या डब्यात कशाला.

मग त्यांनी मला दोन्ही बाजू सांगितल्या. केबल बदलली, बिजागरी बसवली, जुनीच पण बरी बॅटरी टाकली, तर इन्शाअल्ला वर्षभर निघेल. पण खर्च करावा असं हे मशीन राहिलेलं नाही. नवीन घ्या, हा मला एक्स्चेंजला द्या. मी त्यांना विचारलं, वर्षभर नक्की? त्यांनी खांदे उडवले. मी म्हटलं, मग करा दुरुस्त.

घरी आणला तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. डब्याची गरज नव्हती, स्क्रीन आपली आपण उभी राहत होती. पण पायऱ्या चढताना मला असं झालं होतं की आता कुणी मला काही विचारू नये. वडिलांनी बिजागरी दोनतीनदा उघडून मिटून बघितली, वॉल्व्ह बघावा तशी. बरी बसवलीय, म्हणाले. किती दिवस चालेल ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुडी मी आईला दिली. तिनं उघडून बघितली आणि तुळशीच्या कुंडीत ओतली.

दोन दिवसांवर दसरा होता.

पूजेतली वस्तू संध्याकाळची आरती होईपर्यंत हलवायची नाही, हत्याराला त्या दिवशी विश्रांती, असा आमच्याकडे नियम. आजोबा पाळायचे. आमच्या घरात तो पाळलेला मी कधी पाहिला नव्हता. सणाच्या दिवशी कामावर गेलं की डबल हजेरी लागते, आणि ती ड्यूटी घ्यायला ठेकेदाराची माणसं कमी पडतात, म्हणून वडील दरवर्षी जायचे. आई सकाळी घाईघाईनं पूजा करायची, वडील नमस्कार करून पाटावरचा पाना उचलायचे आणि कुंकू लागलेला पाना तसाच पिशवीत जायचा. माझंही तेच. जहाजांना दसरा नसतो. अर्ध्या तासानं लॅपटॉप पाटावरून टेबलावर.

या वर्षीही वडिलांची दुसरी पाळी होती. जेवण लवकर झालं. आईनं पाना घासून ठेवला होता, लॅपटॉपचं झाकण माझ्यादेखत उघडलं, पण अक्षता या खेपेला बटणांवर न टाकता पाटावर कडेनं मांडल्या, एकेक. आम्ही नमस्कार केला. वडील पिशवी घेऊन आले आणि वाकले, तर आई पाटाला लागून भिंतीशी बसलेली. उठायचं नावच नाही.

"आज पाना हलनार नाय," ती म्हणाली. "पेटीपन नाय."

वडिलांना ती गंमत करतेय असं वाटलं. अगं, डबल हजेरी हाय, म्हणाले.

"हाय तर हाय. आपल्या घरात दोन हत्यारं. एक पन दिवस कवा निजलं नाय."

मी म्हटलं, आई, मला दोन फाइली पाठवायच्यात. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती चिडली नव्हती. चिडली असती तर आम्ही समजूत घातली असती. ती नुसती बसली होती, मिक्सरचं झाकण धरून बसायची तशी, वाटण झाल्याशिवाय हात काढायचा नाही या हिशेबानं.

वडिलांनी घड्याळाकडे पाहिलं. कंपनीची बस नाक्यावर थांबते, ती निघून जाईल इतका वेळ ते उभे राहिले. मग पिशवी खुंटीला अडकवली आणि कॉटवर बसले. मी ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकला की मशीन बंद आहे. ते खोटं नव्हतं.

दुपारी आम्ही तिघं एका खोलीत रिकामे बसलो होतो. असं कधी झालंय का, मी आठवत होते. वडील घरी असले की झोपलेले असायचे, मी जागी असले की काम चालू असायचं. खाली मुलं आपट्याची पानं विकत होती, त्यांचा आवाज येत होता. बाकी घर शांत. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला, घोंघावणारा, मध्येच अडकणारा. मी सवयीनं पाटाकडे पाहिलं. लॅपटॉप बंद होता. वायर गुंडाळून शेजारी ठेवलेली होती.

ते वडील होते. नुसते बसले होते, जिना चढलेले नव्हते, काही उचललेलं नव्हतं, आणि तसा आवाज येत होता. किती दिवस तो येत होता आणि माझ्या मशीनच्या पंख्याखाली दबत होता, कोण जाणे.

वडील माझ्याकडे बघत होते. मी डाव्या हातानं उजवं मनगट दाबत बसले होते, ते त्यांनी पाहिलं असावं.

"तू पन थकलीस, बाय," ते म्हणाले.

कुणी असं म्हटलं की मी एरवी नाही म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही. मी म्हणाले, "हो, थकले." मला भांडायचं नव्हतं, समजवायचं नव्हतं, तेवढी ताकदच नव्हती. मी साधं विचारलं.

"बाबा, मी नवीन घेतला तर तुमी काम सोडाल?"

"आन घरी बसायला तू जे ठेवलंस ते?"

"ते त्यात जाईल थोडं. पन पेटी मरणार नाय."

"नवीन किती वर्षं चालंल?"

"मी चालवीन तितकी," मी म्हटलं. "तुमी सोताला चालवताय तसा नाय चालवणार. बिघडला की बघीन, लगेच. आवाज यायची वाट नाय बघणार."

ते हसले, आणि हसताना खोकला आला, आणि खोकला बराच वेळ थांबला नाही. आईनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं, पाटावरच्या पान्याकडे पाहिलं. त्याच्या मुठीवर त्यांच्या हाताचा गुळगुळीत खड्डा पडलेला आहे.

"मग राहू दे तो तिथंच," ते म्हणाले.

आई उठली आणि चहा ठेवायला गेली. जाताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसा ती क्वचित ठेवते.

दिवाळीआधी आम्ही त्याच दुकानात गेलो. आता तिथं काचेचं दार आहे आणि एसी. वडिलांनी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरवरच्या मुलीनं बरंच काही सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, किती वर्षं चालंल. ती म्हणाली, काका, वॉरंटी आहे ना. वडील म्हणाले, वॉरंटी कागदावर, तू तुझं सांग. ती हसून बिल करायला वळली. मी म्हटलं, बाबा, चला.

जुना मी भाईंना एक्स्चेंजला दिला. ठेवून द्यावा असं मनात आलं होतं, आठवण म्हणून. पण आमच्या घरात आठवणीसाठी ठेवलेल्या वस्तू पुन्हा वापरात येतात, हे मला माहीत आहे; कुठल्याशा अडचणीच्या दिवशी तो परत डब्याला टेकून बसला असता. आईनं द्यायच्या आधी झाकणावरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसलं. ते पूर्ण गेलं नाही.

नव्याचा पंखा ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा हात लावून बघितलं, चालू आहे ना म्हणून. मोठी शीट उघडते तोवर भाजी निवडून होत नाही, त्यामुळे भाजी आता वडील निवडतात, आणि मेथीचे देठ जास्त ठेवतात म्हणून आईची बोलणी खातात. श्वास बरा झालेला नाही. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही एवढं बघा. ते आम्ही बघतो. मिक्सरही मावशीचाच आहे अजून. त्याचं नंतर बघू.

महिनाअखेरीला वडिलांनी गेटवर जाऊन पास परत केला. पाना घरी आहे. मी कमावते त्यात आमचं तिघांचं भागतं. आमच्या घरातून आता रात्रपाळीला कुणी जात नाही.